आधी घरात वाचा

पळसबोडीत कोणाला ताप आला की अल्का मेश्राम दारात उभी राहून तीनच प्रश्न विचारायची. कधी आला? घरात पहिल्यांदा कोणाला आला? तो त्याआधी कुठं जाऊन आला होता? मग बोटाला सुई टोचायची, काचपट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायची आणि रजिस्टरात लिहायची. २००८ साली ती गावची आशा झाली तेव्हा लोकांना या भोचक चौकशा वाटायच्या. चार-पाच पावसाळे गेल्यावर तेच आपणहून सांगू लागले, "आशाताई, आमच्या घरी पहिले पोराले आला. मामाच्या गावाहून आला ना तो."

२०१५ साली तिने हेच तीन प्रश्न मोबाइलला लावले.

त्याला कारण झाला तिच्या जावेचा, सुमनबाईचा मुलगा संघदीप. कोणीतरी कोणाच्या तरी देवाबद्दल काहीतरी पाठवलं आणि गोरेगावच्या बाजारात मारामारी झाली. संघदीपच्या डोक्याला सहा टाके पडले. पट्टी बदलून घ्यायला तिच्यासमोर बसला असताना अल्काने विचारलं, मेसेजमध्ये होतं तरी काय? त्याला सांगता येईना. त्याने वाचलाच नव्हता. सगळे धावले, म्हणून तोही धावला होता.

त्याच्या पुढच्या रविवारपासून तिने अंगणवाडीच्या खोलीत पोरांना बसवायला सुरुवात केली. गावाला लागून असलेल्या तिच्या वस्तीतली, बौद्ध टोल्यावरची, पाच आणि गावातली दोन. त्या दोघांत एक नीतू, बारावीतली, उमराव पाटलांची मुलगी. शिकवायचं ते अल्काला कोणी शिकवलेलं नव्हतं, म्हणून तिने आपल्याला येत होतं तेच शिकवलं. वहीत तीन रकाने पाडायचे : कोणाकडून आलं, कधी आलं, कोणाला दिलं. माग काढत मागं मागं जायचं, दारोदार. भांडायचं नाही, पण उत्तर मिळाल्याशिवाय दारातून हलायचंही नाही. आणि एक नियम. जे पाठवायचं ते आधी घरात वाचायचं. मोठ्याने, आईसमोर.

"मायले का समजन त्यातलं?" संघदीप म्हणाला होता.

"तिले समजावून सांग. सांगता आलं त पाठव."

पोरं हसली होती.

भाद्रपदातल्या एका बुधवारी दुपारी संघदीप तिच्या अंगणात धावत आला आणि मोबाइल तिच्यापुढे धरला. फोटो होता : तलावाच्या काठावर पांढऱ्या पोटाचे मेलेले मासे, शेकड्यांनी. खाली लिहिलं होतं की टोल्यावरच्या लोकांनी तलावात विष टाकलं. हा तलाव आपल्या आज्या-पणज्यांनी खोदला. रविवारी ग्रामसभेत ठराव घ्या आणि यांचा घाट बंद करा. शेवटी टोल्यासाठी एक जुना शब्द वापरला होता. तो शब्द अल्काने सहावीत असताना हातपंपावर ऐकला होता. त्यानंतर तोंडावर कोणी म्हटला नव्हता.

टोल्यावर एकच हातपंप, तोही उन्हाळ्यात आटणारा. धुणी, भांडी, गुरं सगळं तलावावर. घाट बंद झाला तर टोल्याला तिथं राहणंच अवघड.

"मी बी लिवलो आहे," संघदीप म्हणाला. "पाठवतोच आता. त्याइच्या साऱ्या खानदानाचं काढलो."

"चाल. तुह्या मायजवळ वाच."

सुमनबाई परसात शेणाच्या गोवऱ्या थापत होती. संघदीप तिच्यासमोर उभा राहिला. पहिली ओळ त्याने वाचली. दुसऱ्या ओळीत गावातल्या बायांबद्दल होतं. तिथं तो थांबला, आईच्या शेणाने भरलेल्या हातांकडे बघत राहिला.

"वाच ना," सुमनबाई म्हणाली. "तिकडच्या कोनत्या बाईनं का केलं तुहं? तू झाला तवा पाटलाच्या धुरपतामायनंच नाळ कापली होती."

त्याने ते पुसून टाकलं. पण राग उतरला नव्हता. "मंग का गप बसाचं काकू? त्यायनं विष टाकलं म्हनाचं, आन आपन मायजवळ वाचत राहाचं?"

"गप कोन म्हनते बस? वही काढ."

पोरं दोघं-तिघं मिळून निघाली. अल्काने स्वतः फोटो कुठं दाखवला, तर घाटावर. दुसऱ्या दिवशी सकाळी धुणं धुणाऱ्या बाया होत्या, टोल्याच्या अलीकडच्या दगडावर, गावातल्या पलीकडच्या. बायांनी फोटो पहिल्यांदाच पाहिला; मेलेला मासा तर तलावात एकीनेही पाहिला नव्हता. मोबाइल पुरुषांच्या खिशात. चावडीवर, पानठेल्यावर फोटो फिरत होता, माणसं संतापत होती, पण जिचं अर्धं आयुष्य या घाटावर गेलं अशा एकीलाही कोणी तो दाखवला नव्हता.

"हा आपला घाट नाही होये," पलीकडच्या दगडावरची एक बाई म्हणाली. तिने ओला हात लुगड्याला पुसला आणि बोट पडद्यावर ठेवलं. "हे पाहा, सिमेंटच्या पायऱ्या. आपल्या अठी पायऱ्या आहेत काय? घसरून घसरून माही कंबर गेली."

सगळ्या हसल्या. अल्का हसली नाही. तिने त्या बाईचं नाव वहीत लिहून घेतलं.

शुक्रवारी संध्याकाळपर्यंत वही एकोणीस घरं मागे गेली. पोरांना कुठं शिव्या खाव्या लागल्या, कुठं कुत्रं अंगावर सोडलं गेलं. नीतूला एक काका म्हणाला, पाटलाची पोरगी होऊन कोनाच्या नादी लागून राहिली? पण रकाने भरले. आणि भरलेल्या रकान्यांतून दिसलं, की मंगळवारी दुपारी फोटो आमगावकडून कोणाच्या तरी साळ्याने पाठवला तेव्हा खाली फक्त 'हे कुठं झालं?' एवढंच होतं. विष, टोला, घाट, तो शब्द, हे सगळं एका घरात चिकटलं होतं. पुढे जिथं जिथं गेलं ते चिकटलेलंच गेलं.

वही नीतूच्या हातात होती. घराचं नाव तिने स्वतःच्या अक्षरात लिहिलं. स्वतःच्या बापाचं.

"तू येऊ नको," अल्का म्हणाली.

"काऊन? एकोनीस घरं झाली. विसाव्याले काऊन नको जाऊ?"

उमराव पाटील पडवीत खाटेवर बसले होते. "या आशाताई," ते म्हणाले आणि आत सांगितलं, चहा ठेवा. पडवीच्या कोनाड्यात एक कप पालथा घातलेला असायचा. कडेला टवका उडालेला, अल्कासाठीचा. सात वर्षं तिने तो स्वतः धुऊन स्वतः पालथा घातला होता.

"चहा नको," ती म्हणाली आणि पडवी ओलांडून सरळ स्वयंपाकघरात गेली. धुरपताबाई, उमरावांची आई, चुलीपुढे बसली होती. डोळ्यांना कमी दिसायचं, कान मात्र शाबूत. अल्का तिच्याजवळ जमिनीवर बसली.

"आशा होय का? आत आली तू," म्हातारी म्हणाली. हाकललं नाही, बस असंही म्हटलं नाही.

"हव माय. उमरावभाऊनं लिवलेलं तुम्हाले वाचून दाखवाचं आहे."

उमराव दारात येऊन उभे राहिले. "हे का चालवलं बाई? तुह्यावर तक्रार करीन मी तालुक्याले. आशा राजकारन करून राहिली म्हनून."

"करा जी. ते बी पहिले मायजवळ वाचून दाखवा, मंग पाठवा. पन आधी हे."

तिने मोबाइल पुढे केला. उमरावांनी घेतला नाही.

"का लिवलास रे?" धुरपताबाईने विचारलं.

"काही नाही माय. असंच. सारेच पाठवतात."

"सारे नाही जी," अल्का म्हणाली. "तुमच्या घरी येईपर्यंत यात टोला नव्हता."

"मी वाचते," नीतू म्हणाली. तिने वाचायला सुरुवात केली, शाळेत धडा वाचावा तशी, न थांबता. शेवटच्या शब्दाशी आली तेव्हा उमराव म्हणाले, "बस." ती थांबली नाही. शब्द स्वयंपाकघरात पडला. चुलीवरचं दूध उतू गेलं आणि कोणी उठलं नाही.

म्हातारी म्हणाली, "तलावाच्या मातीत माह्या सासऱ्यासंगं टोल्यावरचे बी राबले. सासरा सांगत होता. तुले नाही सांगतलं कोनं?"

उमराव पडवीत परत गेले.

रविवारी ग्रामसभेत त्यांनी विषय काढलाच नाही. सरपंचांनी पाणीपट्टीवर बोलणं संपवलं आणि लोक उठू लागले. टोल्यावरच्या म्हाताऱ्यांना तेवढंही पुरे होतं. अल्काला नव्हतं. ती उभी राहिली.

"बसा. एक विषय राहिला. हा फोटो आपल्या तलावाचा नाही. घाटावरच्या बारा बायांची नावं माह्या वहीत आहेत, सहा तुमच्याकडच्या, सहा आमच्याकडच्या. ज्यानं लिवलं त्यानं आता, अठी, गावच्या ग्रुपवर लिवावं का हे खोटं होतं म्हनून."

"आता मिटलं ना बाई," सरपंच म्हणाले.

"तुमचं मिटलं. आमच्या पोराइच्या पाठीवर ते अजून फिरून राहिलं."

ती बसली नाही. तिची सातही पोरं उभी राहिली, मग बायांच्या बाजूने पायऱ्यांवर बोट ठेवणारी ती बाई उभी राहिली. उमरावांनी खिशातून मोबाइल काढला. माफी त्यांनी मागितली नाही. एवढंच लिहिलं : फोटो आपल्या गावचा नाही, मी लिहिलेलं चूक. अल्काने वहीत वेळ लिहिली, बारा वाजून दहा मिनिटं.

पुढच्या रविवारी नीतू वर्गाला आली नाही. बापाने बंदी घातल्याचं कळलं. अल्काने दहा मिनिटं वाट पाहिली. मग वही पिशवीत टाकली.

"पेशंट येत नसन त आपन का करतो?"

"घरी जातो," पोरं म्हणाली.

वर्ग उमरावांच्या पडवीत बसला. उमराव बघत राहिले, मग शेतावर निघून गेले. धुरपताबाई आतून म्हणाली, अंधारात काऊन बसले, बाहीर उजेडात सरका. थोड्या वेळाने नीतू चहा घेऊन आली. घरातले कप मोजले तर एक कमी पडला, म्हणून कोनाड्यातला टवका उडालेला घेतला होता.

तिने सगळ्यांना दिले, अल्काला घरातला दिला, आणि टवक्याच्या कपातला चहा स्वतः घेऊन खाली बसली.

"हं," अल्का म्हणाली, "वही काढा."