कॉफीचं मशीन आणि आईचे अनवाणी पाय

आमच्या बाबांना त्यांच्या परदेशी साहेबाचं भारी कौतुक. रसायनीच्या एका कारखान्यात नोकरीला असताना ते त्या साहेबाच्या बंगल्यावर काम करायचे. साहेब मायदेशी निघाला तेव्हा त्याने आपलं कॉफी करायचं विजेचं मशीन बाबांना देऊन टाकलं. वाफेची नळी असलेलं ते यंत्र बाबांनी एसटीत मांडीवर धरून कुंभिवलीला आणलं आणि बाहेरच्या खोलीत, बुद्धाच्या तसबिरीखालच्या टेबलावर ठेवलं. सत्तरच्या दशकाच्या अखेरीची गोष्ट. मी तेव्हा खोपोलीला कॉलेजात जात होते आणि घरात सगळं फक्त मलाच कळतं, अशा थाटात वावरत होते.

साहेब घरातही बूट घालायचा. त्यामुळे कॉफी करायची तर पायात बूट हवेतच, असं बाबांनी ठरवून टाकलं होतं. एरवी उंबऱ्याबाहेर चपला काढणारा हा माणूस पाहुणा आला की कारखान्यातून मिळालेले जाड रबरी तळाचे बूट चढवायचा आणि मशीनपुढे ताठ उभा राहायचा. सकाळी सारवलेल्या जमिनीवर बुटांचे ठसे उमटले की आई धुसफुसायची. कॉफी कडूजहर व्हायची. पाहुणे बिचारे तोंड वाकडं न करता प्यायचे.

एक दिवस मशीन चालू असताना आई ते पुसायला गेली आणि हात झटकत मागे सरली. कोपरापर्यंत मुंग्या आल्या म्हणाली. बाबांनी बूट घालून हात लावला, त्यांना काही झालं नाही. तरी त्यांनी ते खोपोलीत रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडे दोनदा नेलं. तो लाकडी बाकावर मांडी घालून बसायचा, त्यालाही काही लागलं नाही. दुसऱ्या खेपेला त्याने आतला गंज काढला, सगळीकडे चंदेरी रंग फासला, स्क्रू पुन्हा आवळले आणि मशीन परत दिलं. आईला करंट लागायचा तो लागतच राहिला. मग बाबा पाहुण्यांसमोर हसून सांगू लागले, हिला मशीनची भीती वाटते.

मीही एकदा कॉलेजातून आल्या आल्या, पायातली स्लिपर न काढता, मशीनला हात लावून बघितला होता. आणि मोठ्या शहाणपणाने म्हणाले होते, "आई, तुला भास होतो." ते आठवलं की आजही माझी मला लाज वाटते. नळावर कुणाचंही ऐकून न घेणारी बाई स्वतःच्या घरात खोटी ठरली होती. तिने मशीनचा विषयच सोडला. सारवताना ती त्या टेबलापाशी अंग चोरून बसायची.

आमच्या वाडीतला एक जण साजगावच्या कारखान्यात वायरमन होता. पंचविशीचा, मोजकं बोलणारा. एका रविवारी बाबांनी त्याला मशीन दाखवायला, खरं तर मिरवायला, बोलावलं. कॉफी करता करता बाबांनी आईच्या भीतीची गंमतही सांगितली. तो हसला नाही. त्याने आईला विचारलं, ती कुठे उभी असते आणि तेव्हा पायात काय असतं.

"घरात पायात काय असनार रं?" आई म्हणाली. "काय नाय."

तो उठून बाहेर गेला. बाबांच्या आग्रहावरून आतही पायात ठेवलेले बूट काढले, मोजे काढले, आणि आई दाखवत होती नेमक्या त्याच जागी येऊन उभा राहिला. सकाळचं सारवण तिथे अजून ओलसर होतं. त्याने खिशातला टेस्टर मशीनच्या पत्र्याला लावला आणि त्यातला दिवा लालभडक पेटला. मग त्याने टेस्टर बाबांच्या हातात दिला. बूट घातलेल्या बाबांच्या हातात तो दिवा पेटला आहे की नाही तेही कळेना.

"मावशी खरं सांगत व्हत्या," तो म्हणाला. "बूट घालून बगितलं तर कुनालाच कळनार नाय."

आईने पदराने डोळे पुसले. मला कुठे तोंड लपवू असं झालं.

त्याने प्लग काढून मशीन उघडलं. वाफेच्या टाकीजवळ एका वायरचं आवरण जळून तिची उघडी तार पत्र्याला टेकली होती. असा चुकार करंट अर्थिंगच्या वायरीने जमिनीत जायचा असतो. पण रेडिओवाल्याने ती वायर आपल्या चंदेरी रंगावरच स्क्रूने आवळली होती, आणि रंगातून करंट जात नाही. शिवाय आमच्या भिंतीतल्या बोर्डाचं अर्थिंगचं तिसरं भोक नुसतं नावाला, त्याच्यामागे काहीच जोडलेलं नव्हतं. वायरमनने नवी वायर घातली, गरम होणाऱ्या जागी तिच्यावर इस्त्रीत असतात तसे चिनीमातीचे मणी ओवले. मग पॉलिश पेपर घेऊन स्क्रूखालचा रंग खरवडत बसला. रुपयाएवढी जागा, पण लख्ख पत्रा दिसेपर्यंत त्याने सोडली नाही. इतक्या शांतपणे काम करणारे हात मी तोवर पाहिले नव्हते. शेवटी मागच्या अंगणात त्याने खड्डा खणला, लोखंडी पाइप उभा केला, भोवती कोळसा आणि मीठ भरलं आणि तिथून वायर थेट बोर्डापर्यंत आणली. उन्हाळ्यात इथे बादलीभर पाणी ओतत जा, कोरडी माती करंट घेत नाही, असं त्याने बाबांना बजावलं.

मशीन चालू करून आधी त्याने टेस्टर लावला, मग स्वतः अनवाणी हात लावला. मग आईला बोलावलं. ठीक झालं असं तो स्वतःच्या तोंडाने म्हणाला नाही, तिच्याकडे बघत थांबला. आईने अख्खा तळवा पत्र्यावर ठेवला आणि तसाच राहू दिला.

"नाय लागत," ती म्हणाली. तेव्हा कुठे त्याने हत्यारं पिशवीत भरली.

बाबांनी चूक कबूल केली नाही. बूट मात्र उंबऱ्याबाहेर गेले ते कायमचे. पुढे मशीनचे रबरी वायसर मिळेनासे झाले आणि मशीन मोडीत गेलं. तरी उन्हाळ्यात दर रविवारी बाबा त्या पाइपाशी पाणी ओतत राहिले. एकदा मागच्या दारातून आई म्हणाली, "अवो, मशीन जाऊन किती वर्सं झाली. आता कशाला वतताय पानी?"

बाबांनी मान वर केली नाही. बादली पुरती रिकामी केली आणि म्हणाले, "घरात लाइट हाय अजून. आनि तू अनवानी असतेस गं."