पुढच्या सीटवरचा साहेब

साठच्या दशकाच्या अखेरीस मी शारजापासून आत, डोंगरांच्या बाजूला, पाण्यासाठी बोअर मारणाऱ्या एका कंपनीच्या छावणीत टाइमकीपर होतो. त्याआधी मुंबईत एका दैनिकाच्या बातम्यांच्या टेबलावर काम केले होते. अमिराती हे नाव तेव्हा नव्हते; पत्त्यावर ट्रूशियल स्टेट्स लिहावे लागे. छावणीचा मॅनेजर इंग्रज होता. यंत्रावर चार ऑस्ट्रेलियन होते, त्यांतला एक फोरमन. बाकी पठाण मजूर, एक मलबारी स्वयंपाकी आणि कोकणातले आम्ही दोघे, मी आणि ड्रायव्हर.

ड्रायव्हर रत्नागिरीच्या खाडीकाठचा, पन्नाशी उलटलेला. सगळी छावणी त्याला चाचा म्हणे. त्याने आधी एडनला इंग्रज अधिकाऱ्यांच्या गाड्या चालवल्या होत्या. साहेब दिसला की मागचे दार उघडायचे, साहेब बसला की हलकेच लावायचे, मग वळसा घालून आपल्या जागी यायचे, हे तो न चुकता करी.

हा फोरमन आला त्या पहिल्या सकाळी चाचाने मागचे दार उघडले. फोरमनने ते लावले, पुढे गेला आणि चाचाच्या शेजारी बसला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी चाचा माझ्या तंबूत आला.

"साहेब माझा हात बघतोय."

"म्हणजे?"

"एडनला साहेब पुढे बसला की समजायचं, ड्रायव्हरची परीक्षा. परीक्षा झाली की माणूस खलास. दोघांना माझ्यादेखत काढलंन."

पन्नाशीतल्या ड्रायव्हरला दुसरी कंपनी घेत नसे, हे त्याला माहीत होते आणि मलाही. त्याने परतीच्या बोटीची चौकशीही करून ठेवली होती.

फोरमनच्या बोलण्याने भर पडत होती. "काय रे म्हाताऱ्या हरामखोरा, आज पोचवतोस की खड्ड्यात घालतोस?" अशी त्याची सकाळ सुरू होई. 'हरामखोर'चा मूळ इंग्रजी शब्द चाचाला एडनपासून चांगला ठाऊक होता. तो शब्द फोरमन सर्वांना वापरी. स्वतःच्या तिघांना, मला, बंद पडलेल्या पंपाला आणि आपल्या देशाच्या पंतप्रधानाला. फक्त मॅनेजरला तो काहीच म्हणत नसे.

जेवणाच्या मोठ्या तंबूत चौघे एकमेकांशी भांडत. त्यांच्याकडे जन्मतारखांच्या गोट्या पिंपातून काढून पोरांना लष्करात घेत आणि व्हिएतनामला पाठवत. दोघांना ते बरोबर वाटे, दोघांना नाही. चौघांतला एक लाल चेहऱ्याचा होता. तो दर जेवणाला युनियनवाल्यांच्या नावाने बोटे मोडी. पुढाऱ्यांविषयी मात्र चौघांचे एकमत असे: सगळे चोर. तरी मत द्यावेच लागे, नाहीतर दंड होई. हे मी चाचाला सांगितले तेव्हा तो बऱ्याच दिवसांनी हसला.

"आमच्याकडे मत मागतात. ह्यांच्याकडे वसूल करतात."

पण गाडीत बसला की तो पुन्हा आखडून जाई. शेजारी नजर आहे म्हटल्यावर गिअर चुकत. ब्रेक नको तिथे लागे. फोरमनला ती गंमत वाटे आणि तो आणखी टोमणे मारी. त्यावर चाचा आणखी चुके. शेवटी तो म्हणाला, "तू इंग्रजीवाला आहेस ना? विचार त्याला, माझा कसूर काय."

मी विचारले. फोरमनला आधी प्रश्नच कळला नाही. मग तो चिडला.

"मागे बसू? मी काय गव्हर्नर लागून गेलो? आमच्याकडे एकटा माणूस टॅक्सीतसुद्धा ड्रायव्हरच्या शेजारी बसतो. मागे बसणारा स्वतःला कोण समजतो, असं विचारतात लोक."

मी हे जसेच्या तसे चाचाला सांगितले. त्याने मान हलवली.

"एडनचा पण असाच गोड बोलायचा. आणि समज, खरं असलं. मागे साहेब नाय, तर मी कोणाचा ड्रायव्हर?"

हे उत्तर मी फोरमनला पोचवले. त्याने थट्टेनेच प्रश्न मिटवायचे ठरवले. एका गुरुवारी दोघे शारजाच्या बाजारातून सामान घेऊन परतत होते. छावणीच्या अलीकडे फोरमनने गाडी थांबवायला लावली, चाचाला दंडाला धरून मागच्या सीटवर बसवले आणि स्वतः हॉर्न वाजवत गाडी आत आणली. यंत्रावरचे तिघे रांगेत उभे राहिले आणि त्यांनी सलाम ठोकला. पठाण हसले. चाचा मागे मान खाली घालून बसला होता. मॅनेजर आपल्या तंबूच्या दारात उभा होता.

त्याने फोरमनला काही म्हटले नाही. चाचाला आत बोलावले, दुभाषा म्हणून मला. कंपनीच्या गाडीचा तमाशा केल्याबद्दल नोकरी संपली, उद्याच्या ट्रकने दुबई. चाचा म्हणाला, "जी साहेब." मी भाषांतर करण्याआधीच त्याला समजले होते.

मी बाहेर येऊन फोरमनला सांगितले. तो टोपी न काढता आत गेला. कनातीमागून त्याचा आवाज आला. तो मॅनेजरला प्रथमच "सर" म्हणत होता आणि ते ऐकायला बरे वाटत नव्हते. थोड्या वेळात तो बाहेर आला आणि यंत्र बंद झाले. छावणीत दिवसभर त्याची घरघर असे. ती थांबल्यावर स्वयंपाकी तवा टाकून बाहेर आला.

चौघे सावलीत पत्ते खेळत बसले. काम थांबवायचे की नाही यावर त्यांनी हात वर करून मत घेतले होते. पहिला हात त्या लाल चेहऱ्याच्या युनियनद्वेष्ट्याचा होता.

चाचा धावत माझ्याकडे आला. "बंद करायला सांग त्यांना! इथे हरताळ म्हणजे पोलीस. गोऱ्यांना विमानात बसवतील, मला जेलात. उद्या माफी मागितली असती, साहेबाने ठेवला असता."

मी फोरमनजवळ जाऊन सांगितले. त्याने पत्त्यांवरून नजर काढली नाही.

"त्याला सांग, हा आता त्याच्या एकट्याचा प्रश्न नाही. एकाला काढलं की सगळ्यांना काढलं."

चाचा माझ्या मागेच उभा होता. "माझी नोकरी," तो म्हणाला, "आणि मलाच गप्प बस म्हणतो?"

बोअर अर्धवट सोडला की वाळू ढासळते आणि पाइप खाली अडकतो. मॅनेजरला हे चौघांइतकेच माहीत होते. तो दोनदा यंत्रापर्यंत गेला, खाली डोकावला, परत आला. चाचा माझ्या तंबूच्या दोरीशी उभा राहून त्याच्या येरझाऱ्या पाहत होता. त्याने पाणीही घेतले नाही. तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजाआधी मॅनेजरने मला बोलावले आणि ड्रायव्हरला कामावर ठेवल्याचे सांगितले. यंत्र सुरू झाले. फोरमन चाचाच्या पाठीवर थाप मारायला गेला तेव्हा चाचा मजुरांच्या रांगेत नमाजाला उभा राहिला होता.

दुसऱ्या दिवशी चाचाने माझ्यामार्फत मॅनेजरकडे पाण्याचा टँकर मागून घेतला. फोरमन दुखावला. "मी त्याच्यासाठी काम बंद पाडलं, आणि तो माझी गाडी सोडतो?" मी चाचाला कारण विचारले.

"टँकरला मागची सीटच नाय. जो बसेल तो शेजारीच बसेल. ह्यालाही बसू दे."

पुढच्या शुक्रवारी फोरमन टँकरमधून शारजाला गेला. वाटेत ते काय बोलले, काही बोलले का, मला माहीत नाही. परतल्यावर चाचाने मला विचारले, एका माणसाला काढलं तर ह्यांच्या देशात खरंच सगळे काम टाकतात का. मी म्हटले, तसे ऐकून आहे.

"आणि त्या माणसाला आधी कोण विचारतं का?"

तो टाकीचा पाइप सोडायला निघून गेला.