बिनगुणगुणीचे पिकअप

"थांब, थांब. आयकू येऊन राहिलं का तुले?"

उजव्या हाताचं बोट वर, मान डावीकडे कललेली, डोळे अर्धे मिटलेले. समोरचा माणूस घास तोंडाशी नेत असो की रस्ता ओलांडत असो, त्याने आहे तिथे थांबायचं आणि ऐकायचं. काय ऐकायचं? तर एक बारीक 'घूंऽऽ'. कधी ती ट्यूबलाइटची असायची, कधी फ्रिजची, पण बहुतेक वेळा ती भाऊंच्या गिटारची असायची.

भाऊ म्हणजे आमच्या ऑर्केस्ट्रातले गिटारवाले. दिवसा एका सरकारी कार्यालयात वरिष्ठ लिपिक. अमरावतीत आमचा ऑर्केस्ट्रा तसा जुना. एप्रिलमध्ये जयंतीचे कार्यक्रम, भाद्रपदात गणपती, मधल्या काळात लग्नांची रिसेप्शनं. पार्टी ताईंची. त्याच मुख्य गायिका, त्याच मालकीण, आणि भांडायची वेळ आली की त्याच वकील. मी कीबोर्ड वाजवतो. एरवी शिकवणी वर्गात गणित शिकवतो, म्हणून भाऊ मला मास्तर म्हणत.

इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली पिकअप नावाचा भाग असतो. चुंबकाभोवती बारीक तारेचं वेटोळं. तारेची थरथर तो पकडतो आणि ॲम्प्लिफायरकडे पाठवतो. भाऊंच्या गिटारला एकेरी वेटोळ्याचे तीन पिकअप होते. आवाज असा की काचेच्या पेल्यावर चमचा वाजवावा. पण खोड एकच, हे पिकअप आजूबाजूच्या विजेचाही आवाज पकडतात. जनरेटर, रंगीत दिवे, जे असेल ते. गाणं थांबलं की स्पीकरमधून घूं सुरू.

यावर उपाय आहे. बिनगुणगुणीचे पिकअप मिळतात. त्यात दोन वेटोळी असतात, एकाची घूं दुसरं खोडून टाकतं. बाकी शून्य. गणिताच्या माणसाला यात काही अवघड वाटू नये. मला वाटलं, माणूस आठवड्याभरात घेऊन टाकेल.

भाऊंनी दोनेक वर्षं घेतली.

कारण कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की अशा पिकअपमध्ये घूं जाते, पण आवाजाची चमकही जराशी जाते. 'जराशी' म्हणजे नेमकी किती, हा भाऊंचा प्रश्न. कार्यालयात प्रत्येक फाईलवर 'चर्चा करावी' असा शेरा मारण्यात ज्याचा जन्म गेला, त्याच्या हाती असा प्रश्न पडल्यावर काय होणार, ते तुम्हीच ओळखा.

आम्ही टपरीवर गिला वडा, म्हणजे आमच्याकडचा दहीवडा, खात असू. भाऊ खिशातून इअरफोन काढत, एक टोक माझ्या कानात खुपसत. "आयक. हा एकावर एक वेटोळं असलेला. आता हा आयक, शेजारी शेजारी असलेला. कोणता चांगला?"

"भाऊ, दोन्ही सारखेच वाटून राहिले."

"सारखे?" ते असे बघत, जणू मी त्यांच्या आईवरून काही बोललो. "मास्तर, तुले कान हायेत, पण कढईले असतात तसे."

माझं दही गार होतं म्हणून बरं. डोकं तापलेलं असायचं.

"मंग घेऊन टाका ना तुम्हाले आवडते तो."

"घाई कायले करतं? पाहू ना बा."

हे 'पाहू ना बा' मी किती वेळा ऐकलं असेल! सकाळी वर्गावर जाताना लिंक यायची, दुपारी दुसरी लिंक, संध्याकाळी 'पहिली पाहू नको, चुकीची होती' असा निरोप.

मधेच एक वेगळाच घोळ झाला. भाऊ कार्यालयात फोनवर कुणाशी तरी बोलत होते, "पिकअप घ्यायचा हाय, पण तीन घ्या लागतीन, एकानं भागत नाही." बस. भाऊ तीन पिकअप गाड्या घेऊन राहिले, अशी बातमी पसरली. साहेबाने बोलावून विचारलं, धंदा सुरू करताय का? शेंदूरजनाघाटहून त्यांच्या साळ्याचा फोन आला, संत्र्याच्या तोडणीला एक गाडी आमच्यासाठी राखून ठेवा. वहिनींनी तर ड्रायव्हर म्हणून आपल्या मावसभावाला शब्दही दिला. खरं काय ते कळल्यावर वहिनी मला म्हणाल्या, "मास्तर, गाडी घेतली असती तं निदान बसता तं आलं असतं."

तरी हे सगळं सहन होत होतं. अकोल्याच्या रिसेप्शनला मात्र हद्द झाली. या एकेरी पिकअपची आणखी एक गंमत असते. गिटार घेऊन माणूस जागच्या जागी फिरला, तर एखाद्या कोनात घूं कमी होते. भाऊंना तो कोन स्टेजवर सापडला. तो नेमका मागच्या पडद्याच्या दिशेला होता. पूर्ण रिसेप्शनभर भाऊ पडद्याकडे तोंड करून वाजवत राहिले. नवरानवरी, आहेर देणारे पाहुणे, सगळ्यांकडे त्यांची पाठ. मुलीच्या काकांनी मला हळूच बाजूला घेतलं. "गिटारवाल्या भाऊंचं जेवणाचं काही राहिलं का हो? नाराज दिसतात."

परतीच्या गाडीत ताई पुढच्या सीटवर होत्या. मूर्तिजापूर आलं आणि त्या एकदम वळल्या. "हे पाय भाऊ. जयंतीपोतर गिटार चूप नाही झाली, तं मी दुसरा माणूस पाहतो. मले गाण्याच्या मधात मधमाशा नको."

भाऊंनी मान डोलावली. म्हणाले, "बरोबर हाय ताईचं." आणि मग माझ्याकडे झुकून, "पण मास्तर, एकावर एक घेऊ का शेजारी शेजारी?"

मी त्यांच्या हातातला फोन हिसकावला. वर जे दिसत होतं त्याचं बटण दाबलं आणि फोन परत दिला. एकावर एक. झालं.

पार्सल आलं. भाऊंनी ते देवळीत ठेवलं आणि उघडलंच नाही. "राहू दे. बसू दे त्याले जरा." पिकअप म्हणजे लोणचं आहे का बसायला? शेवटी एका रविवारी मीच त्यांना, गिटारला आणि पार्सलला घेऊन अकोल्याची एसटी पकडली.

अकोल्यात आमचे एक दुरुस्तीवाले काका आहेत. पेटीपासून ॲम्प्लिफायरपर्यंत सगळं करतात आणि करताना जगाच्या राजकारणावर बोलतात. भाऊ त्यांच्या खांद्यावर वाकून उभे. "हळू. तार ओढू नका. कथील जास्त झालं." काकांनी दोनदा हत्यार खाली ठेवलं. जुने तिन्ही पिकअप भाऊंनी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात कापूस घालून ठेवले. दुपार उलटल्यावर काम झालं. काकांनी गिटार ॲम्प्लिफायरला जोडली, आवाज पुरा चढवला.

काहीच नाही. एकदम शांत. काकांनी छाती फुगवली. भाऊंनी एक सूर वाजवला. स्वच्छ, गोल. चमक गेली असेल तर ती मला तरी दिसली नाही. मी मनात म्हटलं, सुटलो.

तेवढ्यात बोट वर गेलं. मान कलली.

"आयकू येऊन राहिलं का तुले?"

"नाही भाऊ. काही नाही."

"हाय ना. बारीक हाय, पण हाय."

काकांनी गिटारची वायर काढली. "आता?"

"हाय."

ॲम्प्लिफायर बंद केला. पंखा बंद केला. शेवटी वैतागून मेन स्विच पाडला. अकोल्याच्या उन्हात त्या पत्र्याच्या खोलीत आम्ही तिघं घामाघूम उभे. बाहेर रस्त्यावरही तेव्हा कुणी नव्हतं.

"हाय अजून," भाऊ म्हणाले.

माझा तोल सुटला. "भाऊ, आता तं लाईनच बंद हाय! मंग तुमच्या डोक्यातच वाजत असन!"

बोललो आणि त्यांच्याकडे पाहिलं. भाऊंचं बोट अजून वरच होतं. त्यांनी ते हळूच खाली आणलं, कानात घातलं, काढलं, पुन्हा घातलं. दोन्ही कान तळव्यांनी दाबून बघितले. मग काकांच्या स्टुलावर बसले.

"मास्तर," ते म्हणाले, "कान बंद केले तं जास्त येते रे."

अमरावतीला आल्यावर कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. वहिनीही होत्या. बाईंनी बऱ्याच तपासण्या केल्या. म्हणाल्या, तीस वर्षं मोठ्या स्पीकरजवळ उभं राहून कान आतून दुखावलेत. हा आवाज बाहेरचा नाही, कानाचा स्वतःचा आहे. पूर्ण घालवेल असं औषध नाही. मोठ्या आवाजापासून दूर राहा, आणि अगदी शांत खोलीत बसू नका. हलका काहीतरी आवाज असू द्या, पंख्याचा वगैरे, म्हणजे त्रास कमी होईल.

भाऊंनी गंभीरपणे विचारलं, "टेबलफॅन का छताचा?"

वहिनींनी कपाळावर हात मारला. मी बाहेर जाऊन उभा राहिलो. मला हसू येत होतं आणि दुसरंही काहीतरी येत होतं.

पंधरवड्याने भाऊ माझ्या वर्गाच्या दारात हजर. हातात श्रीखंडाचा डबा. "अकोल्याले चाल. जुनेच बसवून आणू."

मी खडू फेकून मारला नाही, एवढाच माझा संयम. दोन वर्षं माझं डोकं खाल्लं, ताईंचा जीव खाल्ला, आणि आता जुनेच? एसटीत मी पोरांचे पेपर तपासायला काढले. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं. मग भाऊ आपणहून बोलले, समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत.

"ते नवे वाजोतो ना मास्तर, तं गाणं थांबलं की मी एकटाच उरतो आन् हा कानातला. जुन्याची घूं असली की हा त्यात मिसळून जाते. मी म्हणो, गिटार तरास देऊन राहिली. ते तं मले झाकून घेत होती."

मी कंडक्टरला उगाच पुढच्या स्टॉपचं नाव विचारलं.

काकांनी आम्हाला पाहून नमस्कार केला. दोन्ही हातांनी, कोपरापासून.

ताईंना भाऊंनी स्वतःच सांगितलं, "ताई, गिटार चूप होत नाही. तुमी दुसरा पाहून घ्या." ताईंनी मला एकट्याला गाठून सगळं काढून घेतलं. मग भाऊंच्या घरी गेल्या आणि दारातूनच ओरडल्या, "मले मधमाशा चालतात. कानात बोळे घालून ये, पण ये."

त्या एप्रिलच्या कार्यक्रमांत ताई एरवीपेक्षा फार बोलल्या. एक गाणं संपलं की दुसरं सुरू होईपर्यंत त्या माइक सोडतच नव्हत्या. बार्शीटाकळीला तर त्यांनी मंडळाच्या पोरांची नावं घेऊन घेऊन आभार मानले, तेही तीनदा. मंडळाचे अध्यक्ष खूश. ढोलकीवाला वैतागला. ताई हे का करत होत्या, ते मी कुणाला सांगितलं नाही. भाऊ कानात बोळे घालून, लोकांकडे तोंड करून वाजवत होते. मधल्या एका जागेवर त्यांनी अशी सुरावट घेतली की समोर सतरंजीवर बसलेल्या बायाही टाळ्या वाजवत उभ्या राहिल्या.

मेअखेर ते निवृत्त झाले आणि लेकीकडे नाशिकला राहायला गेले. मी बडनेऱ्याला सोडायला गेलो होतो. तिथेही तेच. सामान सीटखाली का वर? पाण्याची बाटली इथून घ्यावी का पुढे? गाडी लागेपर्यंत माझं डोकं पुन्हा तापलेलं. नवे पिकअप त्यांनी माझ्या हातात कोंबले. "ठेव तुझ्यापाशी. कोणाले द्याचे ते पाहू ना बा."

डब्यात खालचा बर्थ त्यांचा होता. त्यावर त्यांनी गिटार आडवी निजवली, डोक्याकडे टॉवेलची घडी ठेवली. आणि उरलेल्या वीतभर जागेत दोघं नवराबायको अंग चोरून बसले. गाडी सुटली. वहिनींनी खिडकीतून हात हलवला. भाऊंचे दोन्ही हात गिटारवर होते, ती घसरू नये म्हणून.