सव्वीस शहरांची राणी आणि दोन रिकामे ड्रम

मी सव्वीस शहरांची राणी होते, तेव्हा माझ्या घरात प्यायला तीन तांबे पाणी होतं.

ही लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यातली गोष्ट. आमच्या गल्लीत आठ-नऊ दिवसांनी एकदा टँकर यायचा. ज्याच्या त्याच्या निळ्या ड्रमावर नंबर रंगवलेला. गल्लीचा कायदा एकच : टँकर आला की आपल्या ड्रमापाशी आपण उभं राहायचं. माणूस नसेल तर पाईप पुढच्या नंबराला. आजारी असा, अंघोळीला बसलेले असा, सबब चालणार नाही! (अंघोळीची सबब तर त्या उन्हाळ्यात कुणी खरी मानलीच नसती.)

त्यात आमची पल्लवी सुट्टीला आली. ती विष्णुपुरीला इंजिनिअरिंगला. येताना आपला कॉम्प्युटर घेऊन आली. (गोदावरीकाठी राहते, दोन कॅन पाणी आणलं असतं तर लेकीचं कौतुक झालं असतं!) एका दुपारी म्हणाली, "आई, नुसती बसून काय राहिलीस? ये, तुला राज्य करायला शिकवते."

"मला गं कसलं राज्य? सातवी पास मी."

"राजे तरी कुठं शिकलेले होते?"

हे पटलं. बसले.

खेळ असा. आधी एक गाव वसवायचं. मग शेत, विहीर, कोठार, किल्ला. सगळ्यांना कामं सांगून झाली की कोपऱ्यातलं बटण दाबायचं. मग शेजारचे राजे आपापली चाल करतात आणि पुन्हा आपली पाळी. खरी गोडी इथंच आहे. आपण बटण दाबेपर्यंत जग जागचं हलत नाही! भाजी फोडणीला टाकून या, आल्यागेल्याला चहा करा, सैन्य आपलं भाले धरून उभं. साठीला आले मी, पण माझ्यासाठी थांबणारं कुणी मला पहिल्यांदाच भेटलं. दूध थांबत नाही, टँकर थांबत नाही आणि आमचे हे तर बसस्टँडवर मला मागे टाकून जळकोटला पोचलेले आहेत!

दुसरी गोडी, उठताच येत नाही. तेवढी विहीर पुरी होऊ दे, मग उठते, असं म्हणावं. विहीर पुरी होते तोवर किल्ला एका चालीवर आलेला असतो. किल्ला सोडून कोण उठेल?

आमचे हे जन्मभर तलाठी. मागे उभे राहून बघायचे आणि विचारायचे, "ह्या रानाचा सातबारा कुणाच्या नावावर हाय?"

"माझ्या. लढून घेतलंय."

"लढून फेरफार होत न्हाई."

माहेर माझं उदगीरचं. उदगीर जिल्हा होणार, हे मी परकरात होते तेव्हापासून ऐकत आले. मी वाट बघितली नाही. चौथ्या दिवशी उदगीर जिल्हा करून टाकला, जळकोट जोडलं, वर एक बंदरही दिलं. (उदगीरला बंदर! पण शेजारी समुद्र होता, सोडायचा कशाला?)

आता माझं पाप सांगते. शेजारच्या कमळाबाईचा आणि माझा अबोला होता. तिचा ड्रम रोज वीतभर पुढं सरकतो, हे मी डोळ्यांनी बघितलेलं. त्याच आठवड्यात मी शत्रूचं एक शहर जिंकलं. जिंकलेल्या शहराचं नाव बदलता येतं. मी इंग्रजी अक्षरं एकेक शोधून नाव ठेवलं, कमळाबाई. आणि त्याला धान्याचा दाणा पाठवला नाही!

इकडे आमच्या महेशचं लग्न जमत नव्हतं. पोरगा पुण्यात नोकरीला, निर्व्यसनी, पण दोन स्थळं एकाच बोलण्यावर मोडली : "लातुरात? पोरगी काय घागरी वाहायला द्यायची?" तिसरं स्थळ देगलूरचं. मुलगी महेशला मनापासून आवडलेली. फोनवर मला म्हणाला, "आई, हे तेवढं मोडू देऊ नको." गुरुवारी चार वाजता मुलीची आई आणि मामा घर बघायला येणार होते.

ह्यांनी सकाळी बजावलं, "आजकाल पाहुणे आधी ड्रम बघतात, मग पोरगा. टँकर आजच येणार हाय. मी फळं आणायला चाललो, पल्लवी मिठाईला. तू ड्रमापाशी थांब."

"हाव, थांबते."

टँकर यायला अवकाश होता. म्हटलं एक चाल करू. एकच!

टँकरचा हॉर्न मला ऐकू आला, खोटं कशाला बोलू? पण माझी सेना वेशीपाशी उभी होती. एवढी चाल करून जाते म्हटलं. महिनाभर माझं जग माझ्या बटणाशिवाय हललं नव्हतं ना! डोक्यात पक्कं बसलेलं, की मी बटण दाबल्याशिवाय टँकर तरी जाईल कसा?

गेला.

बाहेर आले तर सगळ्या गल्लीचे ड्रम काठोकाठ आणि माझे दोन्ही कोरडे ठणठणीत. कमळाबाई ड्रमावर झाकण ठेवत होती. घड्याळात तीन वाजलेले.

अबोला गिळला. "कमळाबाई, एक ड्रम पाणी द्या हो. पोराची सोयरीक अडली हाय."

"टँकर आला तवा कुठं होतात?"

"खेळत होते."

"काय?"

"कॉम्प्युटरवर. राज्य."

"चला, बघू द्या मला," म्हणत बाई थेट माझ्या घरात! आणि माझ्या ध्यानात आलं, कॉम्प्युटरचा पडदा उघडाच आहे.

तिनं चष्मा लावला. पडद्यावर बोट ठेवून एकेक अक्षर लावलं. माझा जीव प्रत्येक अक्षराला एक पायरी खाली.

"के... ए... एम... अगं बया! हे माझं नाव?"

"कौतुकानं ठेवलंय हो!"

"मग ह्या नावावर आग कशाची लागलीय?"

"उपासमार हाय. जनतेनं बंड केलंय."

बाई खुर्ची ओढून बसली. "आधी माझ्या लोकांला जेवू घाल. मग पाणी."

"अहो, पाहुणे येऊन राहिलेत!"

"माझी माणसं उपाशी हायत!"

काय करता! खेळातल्या माझ्या लातूरचं धान्य कमळाबाईला पाठवलं. एक चाल. "विहीर बांध." दुसरी चाल. "बाजार दे." "कमळाबाई, चार वाजले!" "वाजू दे गं, तो किल्ला आता एका चालीवर आलाय!" पाणी देणारीच उठेना! तेवढ्यात दारात जीप. हे फळं घेऊन, पल्लवी मिठाई घेऊन आणि त्यांच्या पाठोपाठ देगलूरचे पाहुणे, सगळे एकदमच आत.

मुलीची आई अंगणातूनच ड्रम बघून आली होती. "दोन्ही कोरडे दिसतात," ती शांतपणे म्हणाली.

हे पुढं झाले. "आज टँकर आलाच..."

टँकर आला नाही असं म्हटलं असतं तर निभावलंही असतं. पण गल्लीभर सांडलेल्या पाण्याची ओल दिसत होती. आणि खोट्यावर पोराचा संसार कुठं उभा करायचा?

"आला होता," मी म्हटलं. "मी खेळत बसले. हॉर्न ऐकूनही उठले न्हाई. चूक माझी हाय, पोराची न्हाई."

ह्यांनी डोळे मिटले. पल्लवीनं मिठाईचा पुडा पाठीमागे लपवला, जणू आता परतच करायचा. मुलीच्या आईनं माझ्याकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं, तिथून हलायला तयार नसलेल्या कमळाबाईकडे बघितलं. आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली.

"दादा," ती भावाला म्हणाली, "इथं द्यायची पोरगी."

"अगं, पण पाणी?"

"पाणी पाऊस पडला की येईल. जी सासू सोताच टँकर सोडून खेळत बसती, ती सुनेला कोणत्या तोंडानं बोलणार हाय?"

हे तिचं म्हणणं अगदी खरं निघालं. पाऊस आला, दिवाळीनंतर लग्न झालं. सून गुणाची. पहिल्याच सणाला दोघं आली, पल्लवीही कॉम्प्युटर घेऊन आली, तेव्हा मी सुनेला हौसेनं माझं राज्य दाखवलं. म्हटलं, बघ, एकोणचाळीस शहरं! अजून एकही लढाई हरले नाही.

तिनं दोन-चार ठिकाणी दाबून बघितलं आणि फार मायेनं म्हणाली, "आत्या, छानच हो. पण ही सगळ्यांत सोपी पायरी आहे. लहान लेकरांसाठी असते. हिच्यात कुणाला हरताच येत नाही!"