मागच्या सीटचं माप

नवी मोटारसायकल दारात उभी राहिली तेव्हा मामांच्या बायकोने आधी तिच्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "अहो, हिच्यावर चढायला शिडी वेगळी घ्यावी लागते, की गाडीसोबतच मिळते?"

मामा हसले. ते तिचे मामा नव्हते, कुणाचेच नव्हते. सगळी नोकरी हॉस्पिटलची अँब्युलन्स चालवण्यात गेली, तिथे झाडलोट करणाऱ्यापासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे त्यांना मामा म्हणायचे. ते नाव मागे लागून घरापर्यंत आलं आणि चिकटलं ते चिकटलंच. सासरी गेलेली मुलगीसुद्धा चिडली की बाबांना मामा म्हणायची.

निवृत्त झाल्यावर लोक कुंड्या लावतात, नाहीतर शेजाऱ्यांच्या भानगडीत नाक खुपसतात. मामांनी डोंगरदऱ्यांत चालणारी उंच, लांबट तोंडाची मोटारसायकल घेतली. शोरूममधल्या विक्रेत्याने तोंडाला फेस येईपर्यंत गुण सांगितले होते. मामांनी त्यातलं एकच वाक्य उचललं.

"दगड असो, चिखल असो, ओढा असो, ही कुठेही चढते," असं तो म्हणाला होता.

"कुठेही?" मामांनी विचारलं होतं. आणि तो हो म्हणाल्यावर बराच वेळ गाडीच्या मागच्या सीटवर हात ठेवून उभे राहिले होते.

बायकोची काही हरकत नव्हती. जन्मभर माणूस उशाला फोन घेऊन झोपला, घास टाकून पळाला. आता फिरू दे की बिनसायरनचं. आपल्यालाही मागे बसवून समुद्राकडे नेतील, असं तिने मनाशी धरलं होतं.

गाडी अंगाच्या मापाला बसवून घ्यायला मामा पानाशेठकडे गेले. पानाशेठचं गॅरेज पुलाच्या कमानीखाली होतं. वरून ट्रक गेला की भिंतीवर टांगलेली हत्यारं किणकिणायची. माणूस अंगाने दारासारखा रुंद, आणि पँटच्या मागच्या खिशात कायम एक पाना. स्वतःच्या लग्नातल्या फोटोतही तो पाना दिसतो अशी त्याची ख्याती होती.

"बसा बरं गाडीवर," पानाशेठ म्हणाला. "आता उभे राहा. पायांवर, पायांवर! डोंगरात सीटवर बसून चालवलीत तर कंबर कामातून जाईल."

मामा पायदानांवर उभे राहिले. हँडल खाली राहिलं, पाठीला बाक आला. पानाशेठने हँडलखाली ठोकळे घालून ते उचललं, थोडं मागे घेतलं. क्लचचा आणि ब्रेकचा दांडा मामांच्या बोटांना सहज लागेल असा खाली वळवला. पायदानांवरचे रबर काढून टाकले, म्हणजे खालचे लोखंडी दात बुटाला घट्ट धरतील. मामांना बरं वाटलं. हात न्यावा तिथे वस्तू सापडावी, हे सुख त्यांना अँब्युलन्समध्ये कळलं होतं.

शेवटी पानाशेठने आरसे लावले. मागचा रस्ता नीट दिसेल असे फिरवून दिले, आणि मामा चक्कर मारायला निघाले.

शहर संपून कालव्याकाठचा सरळ रस्ता लागला. ऊन कोवळं होतं, वाहन एखाददुसरं. गाडीने वेग घेतला, वारा हेल्मेटच्या कडांना घासू लागला, आणि त्या घासण्यातून, अगदी मानेमागून कुणीतरी विचारलं, "किती राहिलं?"

मामांच्या अंगावर काटा आला. पण तोंडातून उत्तर निघून गेलंही होतं. "आलंच. आलंच."

हा आवाज त्यांना नवा नव्हता.

खूप वर्षांपूर्वी डोंगरावरच्या एका वस्तीतून हॉस्पिटलला फोन आला होता. तरुण माणूस लाकडाच्या ओंडक्याखाली सापडला होता. मामा अँब्युलन्स घेऊन डोंगराच्या पायथ्यापर्यंत पोचले, आणि तिथे रस्ताच संपला. पुढे नुसती दगडगोट्यांची वाट. त्यांनी गाडी घालून पाहिली. पहिल्याच चढावर चाकं जागच्या जागी फिरली आणि गाडी मागे घसरली. मग खाली थांबण्यावाचून गत्यंतर नव्हतं. वरून चार माणसं त्याला फळीवर घालून उतरवत होती. झाडांतून ती दिसायची, दिसेनाशी व्हायची, पुन्हा दिसायची, आणि दर वेळी तेवढीच लांब वाटायची. हातपाय धड असलेला माणूस स्टिअरिंगला हात लावून नुसता बघत बसतो, तेव्हा त्याचं काय होतं ते मामांना त्या दुपारी समजलं.

फळी खाली पोचल्यावर त्याला आत घेतलं. सोबत त्याची बहीण बसली. मामांनी गाडी अशी हाणली की तशी आधी कधी हाणली नव्हती. आणि वाटभर पाठीमागच्या छोट्या खिडकीतून आवाज येत राहिला. "किती राहिलं?" मामा म्हणत राहिले, "आलंच. आलंच." हॉस्पिटलच्या दारात डॉक्टरांनी त्याच्या मानेला बोटं लावली आणि मान हलवली.

त्यानंतर शेकडो माणसं मामांच्या गाडीतून गेली. कित्येक वाचली, कित्येक नाही. पण मागे राहिला तो हाच. रिकामी गाडी परत आणताना तो हमखास विचारायचा. निवृत्त झाल्यावर सुटेल असं वाटलं होतं. सुटला नाही. घरात खुर्चीवर बसलं तरी मामा भिंतीला पाठ टेकूनच बसत, म्हणजे मागे कुणाला जागा राहू नये.

हे त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं.

कालव्यावरून परतल्यावर मामांनी पानाशेठपुढे एकेक काम काढायला सुरुवात केली. इंजिनाखाली जाड पत्रा हवा, दगड लागला तरी आतलं फुटायला नको. टायर खोल खाचांचे हवेत.

"हे टायर डांबरावर कोकलतील, मामा. तुम्ही जाणार आहात तरी कुठे?"

"जाऊ कुठेतरी."

मग मागची स्प्रिंग. पानाशेठने मामांना बसवून गाडी किती दबते ते पाहिलं आणि त्यांच्या वजनाला बेतून ठेवली. मामा म्हणाले, "कडक कर. दोघांची कर."

"वहिनींना घेऊन जाणार? मग त्यांना आणा एकदा, वजन बघू."

"तिच्याहून जड धर. धडधाकट गडी धर."

पानाशेठने भुवया वर केल्या, पण गिऱ्हाइकाशी वाद घालणं त्याच्या रक्तात नव्हतं. स्प्रिंग आवळली. एकटे मामा बसले की गाडी मागून ताठ उभी राहायची, खड्ड्यात उडवून द्यायची. मामांची तक्रार नव्हती.

एक गोष्ट मात्र पानाशेठला खटकली. दर खेपेला मामांचे दोन्ही आरसे आत वळलेले असत. त्यात मागचा रस्ता दिसत नसे; दिसायची ती फक्त मागची सीट. त्याने ते परत नीट केले. दुसऱ्या खेपेला पुन्हा आत.

"मामा, मागून ट्रक आला तर कळायचं कसं?"

"कळेल," मामा म्हणाले. त्यांचे डोळे आरशावरच होते. पानाशेठने पुढे एकदा सांगितलं की, त्या वेळी आपणही आरशात वाकून पाहिलं. सीट रिकामी होती. पण आपण वाकून पाहिलं, याचंच आपल्याला नंतर भय वाटलं.

शेवटचं काम मागच्या पाठटेकणीचं. दोन्ही बाजूंनी आधार, छातीवरून आणि कमरेवरून पट्टे. पानाशेठने पाइप वाकवले, गादी शिवून घेतली, आणि मामांनी सांगितलं त्या मापात बसवून दिली.

ती पाहून बायकोला भरून आलं. तिची पाठ जुनी दुखरी, आणि नवरा न बोलता एवढं करतो! हात पुसत ती अंगणात आली, मामांच्या खांद्याला धरून वर चढली आणि टेकून बसली.

टेकणी तिच्या डोक्याच्याही वर गेली. बाजूचे आधार खांद्यांपासून कुठल्या कुठे राहिले. तिने छातीवरचा पट्टा ओढून पाहिला. तो तिच्या भोवती फिरून उरला आणि लोंबत राहिला.

"हे माझ्या मापाचं नाही," ती म्हणाली.

मामा पट्ट्याचं लोंबतं टोक गुंडाळू लागले.

"अहो, मी विचारतेय. कुणाच्या मापाचं आहे हे?"

मामा अंगणातल्या पायरीवर बसले. या वेळी भिंतीला टेकले नाहीत. ओंडका, दगडांची वाट, छोटी खिडकी, सगळं त्यांनी सांगून टाकलं. अधूनमधून ते थांबायचे आणि मान किंचित मागे वळवायचे. बायको गाडीवरून उतरली नाही. ती त्या मोठ्या टेकणीत अवघडून बसून ऐकत होती, आणि ऐकता ऐकता तिला वाटायला लागलं की आपण कुणाच्या तरी मांडीत बसलो आहोत. ती झटकन खाली उतरली.

"त्याला आणायला निघालात?" तिने हळूच विचारलं.

"मला माहीत आहे तो नाही ते. मला वेड नाही लागलं गं."

"मी कुठं म्हटलं वेड लागलं? जायचं तर जाऊन या. दिवसाउजेडी जा, आणि जेवायच्या आत परत या." आत जाता जाता ती थांबली. "मागे वळून बघत चालवू नका, एवढं करा."

मामा दुसऱ्याच दिवशी निघाले. पायथ्याला पोचल्यावर थोडे थांबले. दगडांची वाट तशीच होती, फक्त दोन्ही बाजूंनी झुडपं आत सरकली होती. ते पायदानांवर उभे राहिले आणि गाडी घातली. टायरांनी दगड धरले. एकदा इंजिनाखालचा पत्रा खणकन वाजला, एकदा मागचं चाक ओढ्याच्या कडेला घसरलं आणि पुन्हा पकड घेऊन वर आलं. जिथे अँब्युलन्स हरली होती तो चढ केव्हा मागे पडला ते कळलंसुद्धा नाही. आणि एवढ्या वाटेत मागून एक शब्द आला नाही. त्या गप्पपणानेच मामांचे हात ओले झाले.

वर पोचल्यावर त्यांना पहिल्यांदा दिसली ती एक मोटार. घरासमोर ऐसपैस उभी, शेजारी दुसरी. वस्तीच्या पलीकडून काळाकुळकुळीत डांबरी रस्ता आला होता. केव्हाचाच झाला होता म्हणे. मामा घामाने निथळत, धुळीने माखून गाडीवर बसून राहिले. हसावं की काय करावं, त्यांना कळेना.

त्यांनी एकाला ओंडक्याखाली सापडलेल्या माणसाचं घर विचारलं. त्याने बोट दाखवलं. दारात एक बाई कपडे वाळत घालत होती. केस पांढरे झाले होते, पण मामांनी ओळखलं. तीच बहीण. तिनेही हातातला कपडा तसाच धरून त्यांच्याकडे पाहिलं.

"तुम्ही अँब्युलन्सवाले," ती म्हणाली.

तिने खुर्ची दिली, पाणी दिलं. आई केव्हाच गेल्याचं सांगितलं. मामा पाणी पिऊन मान खाली घालून म्हणाले, "त्या दिवशी मी वर येऊ शकलो नाही. तेवढा वेळ वाचला असता तर..."

"काही झालं नसतं," ती म्हणाली. "तो वाटेतच गेला होता. ओढ्यापाशी."

मामांनी वर पाहिलं.

"फळीला माझा हात होता. मला कळलं. पण बोलले नाही. बोलले असते तर त्यांनी तिथूनच फळी मागे फिरवली असती. वर आई दारात बसली होती, तो बरा होऊन येणार म्हणून. तिला तोंड कसं दाखवणार होते मी? मला थोडा वेळ हवा होता. तुमच्या गाडीत होतो तोवर तो गेलेला नव्हता."

"पण तो बोलत होता," मामा म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच परका वाटला. "वाटभर विचारत होता. किती राहिलं, किती राहिलं."

बाईने सावकाश नकारार्थी मान हलवली. "त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. कुणी काही बोललं नाही. मी तर ओठ आवळून बसले होते. बोलत होतात ते तुम्ही. सारखं म्हणत होतात, आलंच, आलंच. मला वाटलं, मला धीर देताय. त्या दिवसात तेवढाच एक धीर मला कुणी दिला."

दोरीवरचे कपडे वाऱ्याने हलत होते. मामांच्या मागे भिंत नव्हती, मोकळं अंगण होतं. बरंच काही विचारावंसं वाटत होतं, पण विचारायचं कुणाला?

निघताना ती गाडीपाशी आली. पट्टे पाहिले, टेकणीचा वरचा काठ हाताने चाचपला आणि हात तसाच ठेवून उभी राहिली.

"एवढाच उंच होता," ती म्हणाली. हे कशासाठी ते तिने विचारलं नाही, आणि मामांनी सांगितलं नाही.

परत येताना ते डांबरी रस्त्याने आले. त्या दिवसानंतर आवाज थांबला, असं मामा म्हणत नाहीत. अजून कधी रिकाम्या रस्त्यावर, वारा तसा लागला की येतो. फरक एवढाच की, आता तो कुणाचा हे त्यांना ठाऊक नाही. पूर्वी निदान नाव घ्यायला एक माणूस होता. तरी ते उत्तर देतात. न देणं त्यांना बरं वाटत नाही.

थंडी सरता सरता डोंगरावरची ती बहीण डोळ्याच्या ऑपरेशनसाठी शहरात आली. मामांच्या बायकोने तिला हॉस्पिटलातून सरळ घरीच आणलं. "एकटी बाई, डोळ्याला पट्टी, कुठे जाईल?" म्हणाली, आणि कुणाचं काही ऐकून घेतलं नाही. एका सकाळी मामा अंगणात बसून साखळीला तेल देत होते. आत स्वयंपाकघरात दोघी काहीतरी बोलत होत्या, मग एकदम दोघींना हसू फुटलं, आवरता आवरेना. मामांनी कान दिला. कशावरून हसताहेत ते काही समजलं नाही. उठून विचारावं असं त्यांच्या मनात आलं, पण हात तेलाने बरबटले होते. ते तिथेच बसून साखळी फिरवत राहिले.