गोमसरांची अनामिक गोम

गोम दिसली की माणसं चप्पल शोधतात. आमचे गोमसर भिंग शोधायचे. मग पायांच्या जोड्या मोठ्यानं मोजत बसायचे. मध्ये कुणी बोललं की पुन्हा पहिल्यापासून. सांगलीच्या कॉलेजात ते प्राणिशास्त्र शिकवत आणि मी त्यांच्या हाताखाली डेमॉन्स्ट्रेटर होते. किती तास त्या मोजणीत गेले, देव जाणे.

सर कुंडलचे. वर्गात शुद्ध बोलत, पण माती हातात आली की गावची बोली यायची. "बाई, हिला डोळं न्हाईत, पर वाट चुकत न्हाई."

पाटणच्या वरच्या डोंगरात त्यांना एक बारीक, पिवळसर, मातीत राहणारी गोम मिळाली होती. आसपासचे सगळे डोंगर पालथे घातले, दुसरीकडं ती कुठंच नव्हती. सरांनी नमुना कलकत्त्याच्या एका तज्ज्ञांकडं पाठवला. उत्तर आठ महिन्यांनी आलं : जात नवी वाटते, पण हा नर आहे, मादी पाठवा, त्याशिवाय नाव देता येणार नाही.

पुढचे दोन पावसाळे आम्ही मादी शोधत एसटीचे धक्के खाल्ले. मिळाले ते नरच. बांधावरची म्हातारी विचारायची, "आवं सर, गावलं का तुमचं किडं?" मला लाज वाटायची.

तिसऱ्या वर्षी एका दगडाखाली मादी सापडली. अंड्यांभोवती वेटोळं घालून बसलेली. मी स्पिरिटची बाटली उघडली. सर तसेच उकिडवे बसून राहिले, मग दगड अलगद होता तसा ठेवला.

"सर, अहो हीच तर हवी होती!"

"बाळंतीण हाय, बाई. पुढच्या साली बघू."

परतताना एसटीत मी रागानं वेगळ्या बाकावर जाऊन बसले.

पुढच्या साली तिथून रस्ता गेला. उतारावर नुसता मुरूम होता. सर तरीही दिवसभर खणत राहिले. त्याच वर्षी ते निवृत्त झाले. कॉलेजच्या नमुन्यांच्या रजिस्टरात त्या गोमेच्या नावाचा रकाना कोराच राहिला.

त्यांना स्टँडवर पोचवायला गेले तेव्हा न राहवून विचारलं, "त्या दिवशी उचलली असती तर?"

"नाव मिळालं असतं," सर म्हणाले. "लय वाईट वाटतं, बाई. पर हात धजलाच न्हाई."

कुंडलची गाडी लागली. माझा राग गेला नव्हता. तरी त्यांची पिशवी मीच वर चढवून दिली आणि गाडी वळेपर्यंत उभी राहिले.