लॅब्राडॉरचा पोळा

माझे मामाजी चंद्रभान वानखडे यांना बैल कळतो. काटोलकडे कोणाला जोडी घ्यायची असली की लोक त्यांना मुद्दाम गाडी पाठवून बाजारात न्यायचे. मामाजी बैलाभोवती एक चक्कर मारत, पाठीवर थाप देत आणि म्हणत, "घेऊन टाक गा." मग घेणाऱ्याची बायको आडवी आली तरी ती जोडी घरी यायची. पण बैल कळतो म्हणजे जगातलं हरेक जनावर कळतं, हा समज मामाजींनी आपला आपणच करून घेतला. त्यापायी प्रतापनगरच्या आमच्या फ्लॅट स्कीममध्ये जो तमाशा झाला, तो ऐका.

शेतात ट्रॅक्टर आला, बैल गेले आणि गुडघ्यांच्या दुखण्यापायी मामाजी-मामी आमच्या वरच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. इथं त्यांना बैल कोण विचारणार? तेवढ्यात त्यांचा मुलगा अमोल बदली होऊन हैदराबादला गेला आणि आपला लॅब्राडॉर इथंच सोडून गेला. त्याचं नाव कुकी होतं. मामाजींनी पहिल्याच दिवशी ते बदलून सर्जा ठेवलं. जीव असा लावला की सर्जाने आपल्या भांड्याला तोंड लावल्याशिवाय मामाजी जेवत नसत.

आता जीव लावणं वेगळं आणि समजणं वेगळं. सर्जाने जांभई दिली की मामाजी म्हणायचे, "जेवण अंगी लागून राहिलं त्याच्या." ओठांवरून जीभ फिरवली की, "रवंथ करून राहिला." अरे बाप्पा, कुत्रा कुठं रवंथ करतो का! कोणी पाहुणा लाडानं अंगावर ओणवा झाला की सर्जा तोंड फिरवून भिंतीकडे पाहायचा. त्यावर मामाजी म्हणायचे, "गरीब आहे जनावर, नजर नाई देत."

शेवटी अमोलनं एक व्हिडिओ पाठवला. कुत्र्याला ताण आला की झोप नसताना जांभया देतो, ओठ चाटतो, तोंड फिरवतो, डोळ्यांची पांढरी कोर दिसते. मग अंग ताठ करतो, गुरगुरतो आणि तरी कोणी ऐकलंच नाही तर चावतो, असं त्यात एक बाई नीट समजावून सांगत होती. मामाजींनी व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. "चांगला आहे," ते म्हणाले, "पण हे कुत्र्यायसाठी आहे."

स्कीमचे सचिव ओमप्रकाशजी. लकडगंजात त्यांची लाकडाची वखार आणि इथं त्यांचं राज्य. त्यांनी मामाजींना बजावून ठेवलं होतं, "देखो चाचाजी, एक बार भी किसी को काटा, तो कुत्ता बाहर." मामाजींनी ते हसण्यावारी नेलं. मला मात्र धास्ती होती. सर्जा गेला तर हा माणूस खचेल, हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, स्कीममधली पोरं लाकडी बैल सजवून खाली आणतात. या मिरवणुकीपुढे एक तरी जिवंत जनावर पाहिजे, असं मामाजींच्या डोक्यात बसलं. आदल्या संध्याकाळी त्यांनी सर्जाचे खांदे हळद-लोण्यानं मळले. बैलाला देतात तसं त्याच्या कानात रीतसर आवतण दिलं, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या." सर्जानं कान मागे पाडून लांबलचक जांभई दिली.

शामलामामी भाकरी थापता थापता म्हणाल्या, "त्याले नको वाटून राहिलं. सोडा त्याले."

"तुले काय समजते वं," मामाजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सर्जा खाली उतरला. पाठीवर लाल झूल, कपाळाला बाशिंग, गळ्यात घुंगरमाळ. समोर ढोल-ताशा, भोवती फोन काढलेली मंडळी. सर्जाची शेपटी पोटाला चिकटली होती, धाप लागली होती आणि पुढचा एक पाय अधांतरी होता.

"पाहा, सलामी देऊन राहिला," मामाजी म्हणाले. ओमप्रकाशजींनी चक्क हात जोडून नमस्कार केला. कोणी म्हणालं, किती गोड हसतोय! इंजिनिअर, प्रोफेसर, सगळे होते हो तिथं. मग सर्जा जागीच ताठ झाला.

मी म्हटलं, "मामाजी, तो गुरगुरून राहिला."

"हुंकार आहे तो," असं म्हणून ते बाशिंग सरळ करायला त्याच्या तोंडावर ओणवे झाले. सर्जानं त्यांचा हात धरला. दात रुतले, रक्त आलं. लगेच सोडून तो झुलीसकट, कडेला उभ्या मामीच्या मागे गेला आणि थरथरत बसला.

इंजेक्शन घेऊन, पट्टी बांधून आम्ही परतलो तर पार्किंगमध्ये बायका-माणसांची मीटिंग भरलेली. मामी सर्जाला घेऊन एका कडेला उभ्या होत्या. ओमप्रकाशजी म्हणाले, "चाचाजी, जो बोला था सो बोला था. कल कुत्ता बाहर."

मामाजी खुर्चीत बसले. मग म्हणाले, "बैल मारका झाला म्हणून लोक माह्याकडं येत. मी त्यायले सांगत होतो, बैल नको विकू, घरातल्या घरात मालक बदल. त्यानं शिंग उगारायच्या आधी लय खेपा सांगतलेलं राहते." त्यांनी पट्टीचा हात वर केला. "यानंही मले सांगतलं. मीच नाई ऐकलं. चावला मले, आन माही काही तक्रार नाई."

ज्याला चावला तोच तक्रार करत नाही म्हटल्यावर सचिव काय करणार? तरी ते म्हणाले, "फिर सँभालेगा कौन?"

मामाजी उठले आणि मामीच्या हातातल्या पट्ट्याकडे बोट दाखवून म्हणाले, "आजपासून मालकीण हे. तिनं म्हटल्याशिवाय मी हात नाई लावत."

असा सर्जा राहिला. मला वाटलं, मामींच्या डोळ्यांत आता पाणी येणार. मामींनी शांतपणे खाली बसून झूल सोडली, बाशिंग काढलं आणि त्या सर्जाकडे पाहत म्हणाल्या, "याचं बरं आहे. एकदा चावला आन मालक बदलून भेटला. मी लग्न झाल्यापासून नुसतं तोंड फिरवून राहिली."

मीटिंग तिथंच संपली. मामाजी पट्टीचा हात धरून मामीकडे पाहत उभे होते आणि ओमप्रकाशजी आपल्या बायकोकडे.